शेवंतामावशींची भिंतीवरची गोधडी

...म्हणूनच मी मघाशी नाही म्हणून राहिली होती, काकाजी. मला उभं करू नका म्हटलं. आता माइक दिलाच आहे, तर बोलते.

जमलेल्या सगळ्या काका-काकूंना, दादा-वहिनींना नमस्कार. माझं मराठी इंग्लिश मीडियमचं. आमच्या शेजारच्या शेवंतामावशी लय हसायच्या त्याच्यावर. आज हसायला त्या नाहीत. तुम्ही सांभाळून घ्या.

मला भीती वाटून राहिली. भाषणाची नाही. मागे दोरीवर टांगली आहे ना, या गोधडीची.

उद्या मावशींची तेरवी. सकाळीच त्यांचा मुलगा म्हणून बबनदादा ही गोधडी जाम नदीत सोडणार. मावशी गेल्या तेव्हा ती त्यांच्या अंगावर होती, आणि मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण आपण घरात ठेवत नाही. बरोबर. पण ती अंगावर टाकली कोणी? मी. मी टाकली.

मागच्या उन्हाळ्यात मी मावशींना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. म्हटलं, "मावशी, या अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांच्या बाया. गोधडीवर माणसांचे चेहरे शिवतात."

"काहून वं? तिथं फोटोवाला नाही काय?"

मी सांगितलं, यांच्या आज्या-पणज्यांना गुलाम करून ठेवलं होतं. विकत होते त्यांना. त्यांचे फोटो कोण काढणार? म्हणून या बाया कापडाच्या तुकड्यांतून आपली माणसं पुन्हा उभी करतात.

मावशी पाहतच बसल्या. मग म्हणाल्या, "तोंड निळं काहून केलं?"

"मालूम नाही मावशी. त्यांना काळ्यात लय रंग दिसत असतील."

"माही माय काळी होती," त्या म्हणाल्या. "रामाकोना गावात लोक तिले हिनवत. तिचा एक फोटो नाही कोनापाशी."

आणि पेटीतून मायचं जांभळं लुगडं काढलं.

तो पाहा, डावीकडचा जांभळा चेहरा. ती मावशींची माय. बाजूला आपल्या गावातले नामदेवबाबा, संत्र्याच्या बागेत जन्म गेला त्यांचा. त्यांच्याच अंगातल्या बंडीच्या कापडातून शिवले. मग गिरजा दाई. आपल्यातले अर्धे जण तिच्या हातात जन्मले. फोटो आहे का कोणाकडे तिचा? नाही ना. इथेच आहे फक्त.

आणि शेवटी तो रिकामा गोल. नुसती खडूची रेघ. मावशी म्हणाल्या होत्या, "ते जागा माही. मी गेल्यावर माह्या लुगड्यातून तू शिवशीन."

"मला टाका घालता येत नाही मावशी. आणि तुमचा फोटो आहे ना!"

"आधारकार्डावरचा? त्याच्यात मी चोट्टी दिसतो. तू शिव. टाके वाकडे आले तं माहं तोंड वाकडं दिसन, इतलंच."

आज हार घातलाय तो आधारकार्डावरचाच फोटो मोठा केलेला आहे. सॉरी मावशी. दुसरा मिळालाच नाही.

मावशी गेल्या त्या दुपारी त्यांना ताप होता. बबनदादा ऑटो आणायला धावले. मी एकटी होती. ब्लँकेटं धुऊन ओली, वाळत घातलेली. मावशींचे दात वाजून राहिले होते. मी घाबरली. भिंतीवरून हीच ओढली, खिळ्यासकट.

मावशी म्हणाल्या, "पोरी, ते पांघरायची नोहे."

मी ऐकलं नाही. "थंडी वाजून राहिली ना तुम्हाला!" म्हटलं आणि टाकली अंगावर. त्यांनी मायच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. ऑटोचा हॉर्न वाजला तेव्हा हात तिथेच होता. मी हलवून पाहिला.

जानकीकाकू म्हणतात, अशी गोधडी ठेवली तर ती घरातल्या दुसऱ्याला वर बोलावते. बबनदादांच्या घरी चार महिन्यांचं बाळ आहे. त्यांना मी कशी म्हणू, ठेवा? माझी मम्मी म्हणते, आपल्या घरात आणू नको. मलाही भीती वाटते, खोटं कशाला बोलू? डोळे मिटले की हे तिघं दिसतात. पण त्याच्याहून मोठी भीती उद्या सकाळची आहे. ही पाण्यात गेली की मावशींची माय दुसऱ्यांदा जाणार. गिरजा दाई जाणार. आणि मावशींची जागा शिवायच्या आधीच जाणार. माझ्या एका चुकीनं.

आता दोन मिनिटं आपण उभे राहू. डोळे मिटू नका. त्या रिकाम्या गोलाकडे पाहा, आणि मनातल्या मनात मावशींना हात जोडा.

पण बसायच्या आधी मला कोणीतरी सांगा. भिंतीवरचा फोटो घाबरून एकदा कोणाच्या अंगावर टाकला, तर तो पांघरूण होतो का? की फोटोच राहतो?