भाऊजींचा हायब्रिड

माझ्यासमोर गोल्फचं नाव काढू नका, वाडीतल्या ठिबकच्या नळ्या अजून घाबरतात! दोन हजार सोळाला आमचे मुंबईचे भाऊजी रिटायर झाले आणि गोल्फची बॅग घेऊनच आमच्या गावी नरपडला आले. चिकूच्या दोन रांगांमधल्या गवतात चेंडू ठेवून त्यांनी लोखंडी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हाणला. चेंडू जागेवरच, माती मात्र उडाली आणि नळी तुटली.

"आता दुसरा क्लब, हायब्रिड काढतो," ते म्हणाले. "याचं बूड रुंद, वजन सगळं खाली. गवतात अडकत नाही, चेंडू आपोआप वर उचलतो."

मग दातओठ खाऊन तोही तसाच हाणला. दुसरी नळी गेली. पाठोपाठ तिसरी.

बाजूला लाकडं फोडणारी आमची जानीमावशी थांबली. "भाऊ, वजन त्यातच घातलंय ना? मग तुम्ही कशाला ताकद लावता? कुऱ्हाडसुद्धा आपल्या वजनानं पडते, आपण नुसती सोडायची."

भाऊजींनी नाइलाजानं हलक्या हातानं फिरवला. चेंडू चिकूच्या शेंड्यांवरून थेट शेजारच्या वाडीत!

"पाहिलंत? याला म्हणतात डिझाइन!" भाऊजी ओरडले.

मावशीनं कुऱ्हाड उचलली. "मग मघापासून ते झोपलं होतं काय?"