कल्पनाला जाळी नव्हती

मंडळी, बसा सगळे. मागच्या बायांनो, तुमी पण पुढं सरका, देवळासमोर जागा हाय. मी सुमन. कल्पनाची मोठी जाऊ. माईक कधी हातात धरला नाय, तेव्हा बोलायला जड जातंय. रडू तर येतंयच, पण खरं सांगते, रडण्यापेक्षा राग जास्त येतोय. शब्द वाकडा गेला तर सांभाळून घ्या. किंवा नका घेऊ.

मघापासून सगळे तिला सोशिक म्हणतायत. सरपंच बोलले, ती कामाला जायची त्या रिसॉर्टचे मॅनेजर बोलले. कधी तक्रार केली नाय म्हणे. नाक्यावरच्या बोर्डावर छापलंय, 'अल्पशा आजाराने'. अल्पसा कुठला हो? आणि तक्रार केली नाय? अख्ख्या आळीला सांगत होती ती. जबडा ठणकतो, सांगत होती. पाठीत कुणीतरी पाय देऊन उभं राहिल्यासारखं होतं, सांगत होती. तिला सोशिक म्हणू नका. सोशिक म्हटलं की आपण सुटतो. तिचं दुखणं खरं होतं, एवढं आज तुमच्याकडून मानून घ्यायचंय मला. त्यासाठीच उभी राहिले.

गेल्या वर्षी भात झोडताना पहिल्यांदा झालं. घामानं भिजली, ओकली. गावातल्या डॉक्टरनं पित्त म्हणून सुई दिली. राहीना, तेव्हा पनवेलला नेली. मी सोबत होते. रक्त तपासलं, अँजिओ केली. डॉक्टर बाहेर येऊन आमच्याशी नीट बोलले. म्हणाले, "मोठ्या नळ्यांमध्ये ब्लॉकेज नाही. पण अटॅक येऊन गेलाय. बायकांमध्ये असं होतं. कधी बारीक नळ्यांचा त्रास असतो, कधी नळी मध्येच आवळते. अजून तपासण्या कराव्या लागतील. आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत."

एवढं सगळं बोलले ते. आपण किती ऐकलं? ब्लॉकेज नाही. बस, तेवढंच. भावजींनी तिथूनच गावात फोन लावला, "क्लिअर हाय! काय नाय निघालं!" घरी पेढे आले. मंडळी, अटॅक आलेल्या बाईचे पेढे खाल्लेत आपण.

भावजी, मान खाली घालू नका. बायको तुमची गेली, पण पेढे गावानं खाल्ले.

आता आमचे हे. बसलेत बघा समोर खुर्चीवर. त्यांना तिच्या आधी अटॅक आला होता. त्यांच्या हृदयाच्या नळीत जाळी टाकली. घरी आणलं तर शहाळी घेऊन माणसांची रांग. बादली उचलू नका, पायरी चढू नका, भाकरीत मीठ घालू नका. बरोबर हाय, आजारी माणसाची काळजी घ्यायलाच पाहिजे. पण यांच्या आंघोळीची बादली कोण उचलत होतं? कल्पना! जाळीवाला बसून, आणि अटॅक येऊन गेलेली बाई त्याला पाणी देतेय. आपल्याकडं जाळी पडली तर माणूस आजारी. नाय पडली तर बाई नाटक करते.

गोळ्या कुणी बंद केल्या? कुणीच नाय केल्या. संपल्या, त्या परत आणल्या नाय. क्लिअर माणसाला गोळ्या कशाला? मी बोलले, तर घरातले मला म्हणाले, "तू काय डॉक्टर हाईस का?" मी डॉक्टर नाय हो. पण डॉक्टर बोलत होते तेव्हा माझे कान उघडे होते.

शनिवार-रविवार ती कळंबला रिसॉर्टवर जायची. चुलीवरची भाकरी करायला. पाव्हण्यांच्या मोबाईलमधी तिचे व्हिडिओ असतील, भाकरी थापताना हसतेय. भाकरी तव्यावर टाकली की हात छातीवर जायचा. तो कुणी बघितला?

एका दुपारी आम्ही दोघी वालाच्या शेंगा सोलत होतो. मला म्हणाली, "वयनी, मला एक तरी ब्लॉकेज निघायला पाहिजे होतं गं. जाळी टाकली असती तर माझं खरं झालं असतं." मंडळी, ऐकताय ना? कुठली बाई देवाकडं ब्लॉकेज मागते? आपण तिला ते मागायला लावलं. हसून टाकलं तिनं, आणि पुढची शेंग घेतली.

गेल्या रविवारी ती रिसॉर्टवरच चुलीपाशी खाली बसली. म्हणाली, तेच दुखतंय. तिथल्या बायांनी सोडा पाजला. त्यांना मी दोष देत नाय. तिचं सगळं क्लिअर हाय, हे त्यांना आपणच सांगितलं होतं. मग रिक्षा बोलावली. कर्जतला पोचायच्या आधीच ती गेली.

आणि आता ऐका. तिला पोचवून आल्यापासून बाया मला गाठतायत. धुण्याच्या दगडावर, दुकानाच्या मागं. "वयनी, माझं पण तसंच दुखतं गं." हळूच सांगतात, चोरी केल्यासारखं. घरी सांगितलंस का, विचारलं की बादली उचलून चालू पडतात. कुणी म्हणते, सांगितलं, तर टेन्शन घेऊ नको म्हणाले. मी नावं घेणार नाय. पण त्या इथंच बसल्यात.

आता सरपंच उभं राहायला सांगतील, दोन मिनिटं. राहा उभे. पण जिच्या छातीत, पाठीत, जबड्यात दुखतं, जिला जरा चाललं की दम लागतो, तिनं उठायचं नाय. बसून राहा. त्यानं कल्पनाचा मान कमी होणार नाय. आणि पुरुषांनो, तुमी आज डोळे मिटू नका. आपल्या घरातली कोण बसून राहिली, ते बघा. उद्या सकाळी तिला घेऊन जा, आणि डॉक्टर काय बोलतात ते पुरतं ऐकून या.

कल्पना, तुझं खरं होतं गं.

उठा, मंडळी.