ओनीहच्या नावाची काचपट्टी

नाव जुहाना वल्द आस्तामा, वय ३४, धंदा प्लेग खात्यात नमुने घेणे, राहणार पासिर आवी, प्रांत प्रियांगन, जावा. दिनांक २१ मार्च १९३४.

समक्ष हजर राहून सांगतो की, मी सहा वर्षे या कामावर आहे. गावात कोणीही वारले तरी मी पेटी घेऊन जातो. मयताच्या प्लीहेत पोकळ सुई घालून निघेल ते काचपट्टीवर पसरतो. पट्टी प्रयोगशाळेत जाते. सुई दिल्याशिवाय दफनाचा दाखला द्यायचा नाही, असा हुकूम आहे.

दिनांक १२ रोजी सकाळी आठच्या सुमारास ईचिह नावाच्या विधवेकडे गेलो. तिची मुलगी ओनीह, वय सहा, दोन दिवसांच्या ताप-खोकल्याने वारली होती. गाठ नव्हती. बाई दारात बसली होती. म्हणाली, "दादा, सुईला फार भ्यायची ती. नका टोचू."

मी म्हणालो, "आता तिला दुखायचं नाही, वहिनी."

"तुम्ही मरून बघितलंय का?"

मी पेटी उघडली नाही. दाखला लिहून दिला. मला कोणी आमिष दाखवलेले नाही.

दुपारी शेजारच्या वाडीत एक इसम नारळावरून पडून मेला होता. त्याच्या दोन पट्ट्या केल्या. एकीवर ओनीहचे नाव घातले. ती निर्दोष ठरली, म्हणून ईचिहचे घर बंद केले गेले नाही.

दिनांक १८ रोजी ईचिह वारली. दुसऱ्या दिवशी शेजारीण एमेह वारली. मुलीला शेवटची अंघोळ या दोघींनी घातली होती. दोघींना मीच सुई दिली. ईचिहच्या घरी अडवायला कोणी नव्हते. दोन्ही पट्ट्यांत प्लेग निघाला.

आज सकाळी डॉक्टरांनी विचारले, "पोरीत काही नव्हतं, मग आईला आलं कुठून?" मी म्हणालो, "बघून सांगतो." तिथून थेट इकडे चौकीवर चालत आलो.

एमेहचा नवरा सुहांदा याला कालपासून खोकला आहे. मला तो दार उघडत नाही. आज त्याच्याकडे एमेहच्या तिसऱ्या दिवसाच्या दुवेला माणसे जमणार आहेत.

जबाब मला सुंदानी भाषेत वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. सही मागितली तेव्हा, "सही पळून जात नाही, आधी त्या घरी शिपाई पाठवा," असे मी म्हणालो, तेही माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे.