खदानीवरची पाटी

...नाही, तुम्ही चूक काढून दाखवा ना त्या वाक्यात! 'या खदानीत पोहण्यास सक्त मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' ऱ्हस्व-दीर्घ बघा, अनुस्वार बघा, काय वाटेल ते बघा! हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो मी, धुळ्याजवळच्याच गावात. एकोणनव्वद सालची गोष्ट सांगतो तुम्हाला. हायवेसाठी दगड काढून मोकळी सोडलेली खदान, तिच्यात पावसाचं पाणी साठलेलं, हिरवंगार, तळ कुठे कोणाला ठाऊक नाही, आणि उन्हाळा लागला की गावातली बठ्ठी, झाडून सगळी पोरं तिथे! सरपंच झुलाल आबा म्हणाले, ''सर, तुमच्यासारखं शुद्ध कोन लिखी?'' लिहिलं. शुद्धच लिहिलं!

आणि चैत्रात पुना गेला.

नववीत होता, माझ्याच वर्गात. उडी मारली आणि वर आलाच नाही. आम्ही धावत पोचलो तर त्याचा सदरा माझ्या पाटीवर वाळत घातलेला. कपडे टांगायला बरी पडायची ना ती पोरांना! एक बाही नेमकी 'सक्त मनाई'वर. कारवाई करण्यात येईल म्हणे! अहो, कोण करणार, कोणावर करणार? नवीन कर्मणी प्रयोग म्हणतात त्याला. फळ्यावर काय ऐटदार दिसतो! पण त्या अख्ख्या वाक्यात एक माणूस नव्हता हो... आता काढा चूक!

तेराव्यानंतर आबा म्हणाले, ''सर, जरा कडक लिखा.'' मग कडक लिहिलं. 'मृत्यू तुझी वाट पाहतो आहे!!!' उद्गारचिन्हं तीन, आणि असलम पेंटरने स्वतःच्या मनाने खाली कवटी काढली, इतकी देखणी की शेजारच्या गावची पोरं सायकली मारत ती बघायला आली! ''आपण घाबरतो का बे?'' म्हणत एकेकाने कवटीला हात लावला आणि धडाधड उड्या. मी तर जाहिरातच लावून ठेवली होती. व्याकरणात काढा चूक!

मग मला यमक सुचलं. 'घेऊ नको येथे उडी, बुडेल जीवनाची होडी.' अनुप्रास म्हणा, रूपक म्हणा, सगळं त्यात. दुसऱ्या दिवशी पोरं काठावर रांगेत उभी, एक ओरडतोय, ''घेऊ नको येथे उडीऽऽ!'' बाकीची कोरसमध्ये, ''बुडेल जीवनाची होडीऽऽ!'' आणि धपाधप पाण्यात! चालीत बसलं होतं ना... मी काठावर हात हलवत उभा. सर म्हणून नमस्कार केला त्यांनी मला, पाण्यातून!

तेवढ्यात भागाबाई आली. पुनाची आई. फडक्यात भाकर बांधलेली. ती रोज दुपारी येते हे मला माहीतच नव्हतं. ती रडली नाही की ओरडली नाही. पाण्याकडे बघून, अगदी घरातल्या घरात हाक मारावी तशी म्हणाली, ''चाल रे भो, घर चाल. भाकर थंडी व्हई राहिनी.''

पाणी एकदम गप्प झालं. पोरं एकेक करून बाहेर आली, ओल्या अंगावरच कपडे चढवले आणि मान खाली घालून चालू लागली. ही पोरं गेली, आणि घटकाभराने दुसरी टोळी आली. त्यांनी ते ऐकलं नव्हतं ना!

मी तडक असलमकडे गेलो. म्हटलं, कवटी पूस, होडी पूस, आणि एवढंच लिही. तिचे शब्द, जसेच्या तसे. खाली, 'पुनानी माय'. असलमने ब्रश हातात घेतला, आणि बराच वेळ डब्यात बुडवेचना.

आबा कातावले. ''सर, यात मनाई कोठे शे? नि हाई काय भाषा? बाहेरना साहेब वाची ते हासी!'' म्हटलं, हसू द्या आबा. यात चुका काढायला बसलात तर संध्याकाळ होईल.

पुढच्या आठवड्यात एक बाहेरगावचा जवान गडी आला. अंगातला शर्ट काढला, पाटीवर टांगायला गेला, आणि हात तसाच वर राहिला. ओठ हलताना दिसले मला. मग त्याने शर्ट घातला, गुंड्या खालीवर लावल्या आणि गेला. आता तिथे कोणी उतरत नाही.

भागाबाई मात्र येते. एकदा म्हणाली, ''गुरुजी, पोरे आठे येतस, उभं ऱ्हातस नि परत जातस. काय लिखेल शे तठे?''

मी वाचून दाखवलं. तिने पदराने पाटीवरची धूळ पुसली. म्हणाली, ''माले वाचता येस नही, ते बरं शे, गुरुजी. नही ते रोज वाचनं पडतं.''

...मला येतं हो वाचता. आणि शाळेचा रस्ता त्या पाटीवरूनच जातो.