हालू नका म्हणलं तरी

मी मूळचा खुटबावचा, दौंड तालुक्यातला. नाव बबन, पन घराबाहेर बबन कुनी म्हणत न्हाई, पेंटरच म्हणत्यात, मिसरूड फुटायच्या आधीपासनं. पोळ्याला अख्ख्या आळीचे बैल माज्याकडं यायचे, शिंगांना हिंगूळ, अंगावर गेरूचे ठिपके, हौशी मालक असला तर पोटावर मोर काढायचो मी, आन् काय सांगू तुमाला ताई, बैल निमूट उभा राहायचा. शेपटी हालवायचा, तेवढंच. माणूस न्हाई राहत. ह्ये मला लई उशिरा कळलं, आन् कळलं तवापासनं माजं डोकं ठिकाणावर न्हाई.

पुढं भिंतीवरच्या जाहिराती केल्या, दुकानाच्या पाट्या, शाळंच्या भिंतीवर फळं आन् फुलं. फ्लेक्स आला आन् ह्ये सगळं बसलं. मंग बिऱ्हाड कारेगावला हलवलं, कंपनीत पेंट शॉपला लागलो. मशीनच्या पत्र्याला स्प्रे मारायचा, दिसभर राखाडी, दुसरा रंग न्हाई. घरी येऊन कुरकुरायचो, तवा आमची मंडळी एक दिवस वैतागून म्हणली, मंग मलाच रंगवा एकदाचं. सुट्टीला तिचा हात रंगवला, शेजारच्या मेथीच्या वाफ्यात ठेवला आन् फोटो काढला, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडनं जुना कॅमेरा घेतला व्हता. हात दिसंनाच. मेथीच दिसत व्हती, मंग बगता बगता बांगडी दिसली आन् बांगडीमागनं हात आला. तवा ठरवलं, माणूस जिथं राबतो-राहतो त्या जागेच्या रंगात त्येला रंगवायचा, असा की नीट बगितल्याबिगर सापडायचा न्हाई.

आता मी काय कुनाला धरून आणत न्हाई. लोकं आपल्या पायानं येत्यात, पेंटर, आमाला बी रंगव म्हणत. आन् आले की सुरू. रंग निघंल ना? निघतो. साबणानं? व्हय बाबा, साबणानं. बायको घरात घेईल ना? आता ते मी कसं सांगू. बरगडीला ब्रश लावला की चांगले तालमीतले गडी खी खी करत्यात. हालू नका म्हणलं की खाजवत्यात. खाजवू नका म्हणलं की फोन वाजतो. फोन उचलू नका म्हणलं की उचलून सांगत्यात, मी रंगात हाय, नंतर बोलतो.

आन् एवढं सगळं सोसून फोटो दावला की म्हणत्यात, ह्यात मी कुठंय? अहो, त्येच तर केलंय ना दिसभर! आमच्या चाळीत एक बिहारचा कामगार हाय, त्येला त्येच्या खोलीच्या निळ्या भिंतीत रंगवला, अंगावर पाइप, मीटर, पोपडे सगळं आलं, माजं मलाच खरं वाटंना. त्येनं फोटो गावाला धाडला. संध्याकाळी तोंड पाडून आला, म्हणला, भैया, माँ रो रही है, बोलती है दीवार क्यों भेजा, तू कहाँ है. मंग त्येचा शर्ट घालून, केस विंचरून दुसरा फोटो काढावा लागला. इनामगावचे एक बागायतदार आले, घोड नदीच्या काठाला त्येंचा ऊस. मानंपासनं खाली रंगवा म्हणले, तोंडाला आन् चेनला हात लावायचा न्हाई, गॉगल राहू द्यायचा. लई समजावलं. ऐकलं न्हाई. मंग काय, उसाच्या वर नुसतं मुंडकं, गॉगल घातलेलं. त्येंनी त्येच वाढदिवसाच्या फ्लेक्सवर टाकलं.

पन ह्ये सगळे परवडले, आमचे आप्पा न्हाई. आप्पा म्हंजी माजे थोरले भाऊ. आईबाप लवकर गेले, आप्पांनीच मला वाढवलं, पहिला ब्रश बी त्येंनीच आणला दौंडच्या बाजारातनं. खुटबावची शेती त्येच बगायचे, सगळा जल्म त्या वावरात गेला. म्हणून मला बाकीचे सगळे फोटो एकीकडं आन् आप्पांचा झेंडूतला एक फोटो एकीकडं, एवढीच आस व्हती. दर साली म्हणायचो, आप्पा, दसऱ्याच्या तोडणीआधी एक दिवस द्या. दर साली म्हणायचे, यडा का खुळा तू, तोडणीच्या टायमाला कुनाला सवड हाय.

एका साली डीपी जळाला. लाईट न्हाई, म्हंजी मोटार न्हाई, म्हंजी पाणी न्हाई. झेंडू माना टाकायला लागला आन् आप्पा नुसते बांधावर बसून. म्हणले, ये बाबा, रंगव, तसंबी काय काम न्हाई. पहाटं गेलो. दुपारपातूर रंगवलं, छातीवर फुलं, पोटावर पानं, कानाच्या पाळ्या बी सोडल्या न्हाईत. सरीत नेऊन उभं केलं. कॅमेऱ्यातनं बगितलं तर आप्पा न्हाईतच! झेंडूच. म्हणलं, आप्पा, आता श्वास बी घेऊ नका. बटनावर बोट ठेवलं आन् पलीकडच्या वावरातनं कुनीतरी वरडलं, लाईट आली रं!

गेले की हो आप्पा! भगवे, हिरवे, चड्डीवर, मोटारीकडं. शेजारच्या वावरात फुलं तोडणाऱ्या बाया पाट्या टाकून पळाल्या, आमचंच कुत्रं आमच्याच आप्पांवर भुकायला लागलं. मी मागं, आप्पा, एक मिनिट, एकच मिनिट! ऐकत्यात व्हय? मोटार चालू केली, खोरं घेतलं आन् उतरले पाटात, दारं धरायला. माजा पहाटंपासनंचा रंग पाण्यासंगं सरीनं वाहत गेला. मी लई बोललो त्येंना. तर खोऱ्यावर हात ठेवून मलाच म्हणले, फुलं मेली तर फोटो कशाचा काढशील रे बबन्या?

बटन तेवढं दाबलं गेलं व्हतं. त्या फोटोत झेंडू झ्याक आलाय आन् मधनं नुसता भगवा फराटा गेलाय.

त्येच्या पुढच्या साली आप्पांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली. दवाखाना झाला, मालिश चालू हाय, बोलणं जड झालंय पन डोकं शाबूत. शेती आता पुतण्या बगतो. औंदा दसऱ्याच्या आधी गेलो तर बांधावर खुर्चीत बसलेले, समोर झेंडू. मला म्हणले, रंग आणलास का? म्हणलं, न्हाई. म्हणले, आण जा. काढ तुजा फोटो. आता मी हालत न्हाई.

असं बोलायचं असतं का माणसानं, तुमीच सांगा ताई. एवढा राग आला मला, आन् त्या रागात रडूच फुटलं. पन थोरल्याचा शब्द. गेलो, रंग घेऊन आलो, उजवीकडनं सुरवात केली. ब्रश असा सरळ चालला म्हणता! बरगडीवर फिरवला तरी काय न्हाई, पत्र्यावर फिरवावा तसा. इतकी देखणी फुलं माज्या हातनं कवा उतरली न्हाईत आन् मला ती बगवत नव्हती. मंग डाव्या बरगडीला ब्रश लावला. आप्पा असे हालले, खी खी करून, सगळ्या पाकळ्या फिसकटल्या. म्हणले, गुदगुल्या व्हत्यात की रे बबन्या! म्हणलं, व्हऊ द्या. आन् मुद्दाम पुन्यांदा लावला.

फोटो काढला की. उजवीकडचे आप्पा झेंडूत मिसळून गेलेत, डावीकडचे हाललेत. फराट्याच्या फोटोशेजारी लावलाय घरात. येणारा-जाणारा म्हणतो, पेंटर, दोन्ही बिघडलेत. असू द्या. तुमी बी या कवातरी रंगवून घ्यायला. मी आपला हालू नका, हालू नका म्हणून वरडंन, ती माजी खोडच हाय. तुमी हाला.