ठिपका घरी, आणि मामंजी कुठे?

श्रोतेहो, समईची ज्योत स्थिर झाली, टाळ थांबले. आता मनही तसंच स्थिर करा, कारण आजचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. शास्त्रकारांनी दोन शब्द जोडीनं ठेवले आहेत: योग आणि क्षेम. जे नाही ते मिळणं हा योग. जे मिळालं ते सांभाळणं हा क्षेम. मिळवण्यासाठी आपण दलाल ठेवू, यंत्र ठेवू. पण सांभाळणं? आपल्या माणसाची राखण दुसऱ्याकडे सोपवून आपण मोकळे होऊ शकतो का? लगेच माना हलवू नका! आधी रामलिंग गुरवांची कथा ऐका.

कृष्णाकाठी करंजपूर नावाचं गाव. महापुराचं पाणी दोनदा घरांत शिरलं, तेव्हा सारी वस्ती वर माळावर हलली. खाली नदीजवळ उरलं महादेवाचं देऊळ आणि कुलुपं घातलेली तीस-चाळीस घरं. रामलिंगअण्णा त्या देवाचे पुजारी. साठ वर्षं त्यांचा एक नेम. सोमवारची पूजा आटोपली की खांद्याला झोळी, झोळीत धुतलेला बेल, आणि प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर एकेक पान! कुणाकडून काही मागणं नाही. पान ठेवायचं, हात जोडायचे, पुढचं घर.

वय झालं ऐंशी. विसर पडू लागला. आधी नावं गेली, मग वाटा गेल्या. पूजा पुतण्याकडे सोपवली, पण बेलाची झोळी काही सुटेना! एकदा शेजारच्या गावच्या एसटी स्टँडवर सापडले. तेव्हा मुलगा विश्वनाथ, पुण्याला कारखान्यात नोकरीला, त्यानं एक स्मार्टफोन आणला आणि अण्णांच्या झोळीत ठेवला. बायकोला म्हणाला, "वैजयंता, आता अण्णा जातील तिथं नकाशावर ठिपका जाईल. तू इथं बघ, मी पुण्यात बघतो. काळजी मिटली!"

मिटली खरी, चार महिने. एके दिवशी वैजयंता पाहते तो काय, ठिपका भर कृष्णेच्या पात्रात! तव्यावरची भाकरी तव्यावर टाकून ती पळाली. तर अण्णा पारावर बसून पेरू खातायत!

"मामंजी! तुम्ही नदीत हाय असं दिसतंय की हो!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "मग वर काढ की मला."

गेली ती जिल्ह्याच्या गावी, कंपनीच्या सेवा केंद्रात. तिथल्या साहेबांनी फोन उघडला, भिंगातून पाहिला. "ताई, आत ओलावा गेलाय. हे वॉरंटीत बसत नाही."

ओलावा कुठून आला? अहो, धुतलेल्या बेलातून! अण्णा फोन बेलातच ठेवायचे. देवाच्या वस्तूंत ठेवला म्हणजे सुरक्षित, ही त्यांची समजूत!

वैजयंता म्हणाली, "साहेब, बेल न धुता देवाला वाहतात का?"

साहेब म्हणाले, "बरं, बदली फोनसाठी अर्ज टाकतो. ग्राहकाच्या नंबरवर ओटीपी येईल, तो सांगा."

"नंबर ह्याच फोनातला हाय. आन् फोन तुमच्या हातात, उघडा पडलाय!"

हसलात? हसा. अशा खिडकीपुढे आपण सगळेच उभे राहिलो आहोत.

बदली फोन यायला अठरा दिवस लागले. त्या अठरा दिवसांत यंत्र नाही, ठिपका नाही; मग वैजयंता स्वतः अण्णांच्या मागून चालली. तिला प्रथमच कळलं, की उताराच्या तोंडाशी येऊन अण्णा थांबतात आणि खालच्या जुन्या घरांकडे बघत राहतात. ती हात धरून म्हणायची, "खाली कुणी ऱ्हात न्हाई आता, मामंजी." ते मागे वळायचे, पण मान वळायची नाही.

मग बदली फोन आला. आठवडाभर ठिपका सेवा केंद्रातच बसून! पुन्हा खेटे. पुन्हा दुरुस्ती. आणि त्यानंतर ठिपका जो घरावर येऊन बसला, तो हलेचना. सगळे निश्चिंत! वैजयंतानं मागून चालणं सोडलं. श्रोतेहो, नदीत दिसणारा ठिपका माणसाला पळवतो. घरी दिसणारा ठिपका झोपवतो. यांतला घातक कोणता?

श्रावणातला सोमवार, भर दुपार. धरणाचं पाणी सोडल्याचं ग्रामपंचायतीचा भोंगा ओरडून सांगतोय. वैजयंतानं खुंटीकडे पाहिलं. झोळी नाही! फोनवर पाहिलं. ठिपका घरात! तिनं पुण्याला फोन लावला.

"अहो, मामंजी घरात न्हाईत!"

"आहेत. आत्ताच बघितलं मी. स्वयंपाकघराच्या बाजूला दिसतायत."

"स्वयंपाकघरात मी हाय!"

"अगं, मग परसात बघ. नवा बदलून मिळालाय फोन, चुकायचा नाही."

सोळा वर्षांच्या संसारातली बायको सांगते आहे, आणि नवऱ्याचा विश्वास ठिपक्यावर! तिनं फोन ठेवला आणि उतार गाठला. पहिल्या बंद घराच्या उंबऱ्यावर बेलाचं पान. ओलं! दुसऱ्या उंबऱ्यावर पान. तिसऱ्या. कुलपांखाली, पडक्या पायऱ्यांवर, एकही घर न चुकता! ज्याला सुनेचं नाव आठवत नव्हतं, त्याच्या पायांना एकेक घर आठवत होतं. पानांमागून ती धावली. शेवटचं घर नदीकडचं, गुरवांचं स्वतःचं. खालच्या पायरीला पाणी लागलेलं, आणि अण्णा कुलूप वाजवतायत.

"विश्वा! दार उघड रे!"

"मामंजी, पाणी चढतंय, चला!"

"विश्वा आत हाय. त्याला टाकून कसा येऊ?"

तिनं हात धरला, त्यांनी हिसडून टाकला. पाणी दुसऱ्या पायरीवर आलं. तेवढ्यात झोळीतला फोन वाजला. पुण्याहून विश्वनाथ, राहवलं नसावं. वैजयंतानं फोन अण्णांच्या कानाला लावला.

"अण्णा, कुठं आहात तुम्ही?"

"मी दारात हाय. तू कुठं हायस?"

श्रोतेहो, गेले कित्येक महिने बाप कुठे आहे हे मुलगा पाहत होता. मुलगा कुठे आहे हे बापाला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मी... वरच्या घरी येतोय अण्णा. तुम्ही वैजयंताबरोबर वर या. मी येतोच."

अण्णांनी कुलूप सोडलं. सुनेचा हात धरला आणि उतार चढून आले.

दिवेलागणीला विश्वनाथ खरोखर दारात उभा राहिला. बापाला दिलेला शब्द खोटा कसा करायचा? त्याला पाहून अण्णा एवढंच म्हणाले, "जेवलास का?"

आता तुमच्याकडे वळतो. यंत्र बिघडलं तर बदलून मिळेल, आज नाही तर अठरा दिवसांनी. त्या यंत्रावर ज्याची राखण सोपवली, तो माणूस कुठल्या खिडकीवर बदलून मिळतो? तुमच्यापैकी कितीजणांच्या खिशात या क्षणी असा एखादा ठिपका आहे, हे मी विचारणार नाही. पण हात जोडून एवढं सांगतो: आज घरी गेल्यावर तो ठिपका पाहू नका. फोन लावा, आणि तुम्ही कुठे आहात हे आधी त्यांना सांगा.