दोन सरकारांची चूल

…हळू बोला साहेब, हळू — आत झोपलेत ते. दोरीच्या टांगत्या झोळीत. पडदा नका सरकवू, दुपारी एकदा डोळा लागला की उठवलेलं खपत नाही त्यांना. तुम्ही बसा इकडे, चुलीपाशी, आणि तो डबा ठेवा की खाली, तान्ह्या पोरासारखा मांडीवर कशाला घेतलाय? राजधानीहून मिठाई आणलीत की काय? बरं, नका सांगू. सह्या दोघांच्या लागतात ना — ठाऊक आहे हो मला, घर दोघांच्या नावावर, दोघंही इथं राहत असलो तरच भरपाई, नाहीतर घर ओसाड धरणार आणि आमच्या हातावर तुरी. तुमच्या आधीच्या साहेबांनी अगदी पाढ्यासारखं घोकून घेतलंय माझ्याकडून. राहतो ना! एक मी तुमच्यासमोर, दुसरे पडद्याआड. कॉफी घ्या.

भांडं कलतंय म्हणून दचकू नका, पडत नाही ते. चुलीचा तो डावा धोंडा बघितलात, गुळगुळीत? तो पहिल्या सरकारचा. बायपासची पायाभरणी — केवढा थाट! बँड, फटाके, पाद्रीबाबा, मंत्र्याच्या हातात चांदीची थापी. पाहुणे गेले, आणि धोंडा बिचारा मक्याच्या शेतात एकटा. पाऊस लागला, त्याच्यावर बेडूक बसायला लागले — मी म्हटलं, यापेक्षा माझ्या घरी चल, निदान ऊब मिळेल. उजवा दुसऱ्या सरकारचा. तोच बँड, तेच पाद्रीबाबा, भाषणसुद्धा तेच, नुसतं मंत्र्याचं पोट वेगळं. आता चूल म्हटली की तीन धोंडे हवेत, आमच्याकडे मुलगी सासरी जाताना पहिल्यांदा तीन धोंडेच बघते. तिसऱ्या सरकारनं पायाभरणीच केली नाही, म्हणे पैसा अडकलाय. म्हणून मागे वीट लावलीय, म्हणून भांडं कलतं. तेव्हा साहेब, रस्ता होईल तेव्हा होऊ दे, पण एक पायाभरणी तेवढी उरकून घ्या.

हसताय काय! खाली गावात अडकला होतात ना तुम्हीपण? तासभर? मग नशीबवान. आमच्या सांता रोसालियात केळ्यांचा ट्रक हिरवा शिरतो आणि चौक ओलांडेस्तोवर पिवळा होतो. पलीकडच्या गल्लीतल्या एस्पेरान्साच्या लग्नात नवरी रस्त्याच्या या कडेला, नवरा त्या कडेला, मध्ये सिमेंटच्या गाड्या — शेवटी पाद्रीबाबा एका टपावर चढले आणि तिथूनच लग्न लावलं. ‘स्वीकार आहे’ असं नवऱ्याच्या आधी ड्रायव्हरच म्हणाला, आता एस्पेरान्सा भांडण झालं की सांगते, मी त्याच्याकडे जाईन. खोटं वाटतं? विचारा कुणालाही. बरं, नका विचारू.

पण गाव निदान हलतं तरी, इंचभर का होईना. आम्ही? घर बायपासमध्ये जाणार म्हणून त्या भिंतीवर लाल आकडा पडला आणि संपलं. विकायला काढावं तर आकडेवालं घर घेणार कोण? छत गळतंय, नवे पत्रे घालावेत, तर तुमचे साहेब म्हणणार भरपाई वाढवायला घातले. आणि तपासणीला माणूस कधी येईल ते देवालाही सांगून येत नाही, म्हणून दोघांपैकी एकानं घरात असायचंच. मुलीच्या लग्नाला हे तिकडे शेला शहरात गेले, मी इथं. माझी आई गेली तेव्हा मी गेले, हे इथं. दोघांनी मिळून साधी जत्रासुद्धा पाहिली नाही हो. एक आत, एक बाहेर, ते जुन्या घड्याळातले बाहुले असतात ना, तसं.

या शेजारच्या पेत्रोनाचीच गंमत ऐका. तिच्याही भिंतीवर आकडा आहे. शेलाला नातवाचा बाप्तिस्मा, पाळी तिची जायची. झगा इस्त्री करून खुर्चीवर टाकलेला. तर सकाळी नवरा उठला, चांगली टोपी घातली, म्हणाला, बस कुठं अडकलीय बघून येतो. गेला तो बघायला, आणि बसला की त्याच बसमध्ये! खिडकीपाशी. आणि बस काय, जागची हलते थोडीच? या परसातून हमरस्ता स्वच्छ दिसतो, ती पेरूच्या झाडाखालची जागा, तिथून. सकाळभर बस तिथंच उभी आणि तो तिथंच बसलेला, टोपी घालून, समोर बघत. एकदा मान वळवली नाही. धावत जाऊन कॉलर धरून उतरवायला किती वेळ लागला असता? पण घर मोकळं कसं सोडणार — तेवढ्यात तुमच्यातला कुणी आला तर? त्यात माणूस उपाशीपोटी निघालेला. म्हणून मग पेत्रोनाच्या हाती चार तमाल पाठवले, मक्याच्या पिठाचे, पानात वाफवलेले, रुमालात बांधून. खाल्ले त्यांनी. सगळे खाल्ले. रुमाल नीट घडी करून परत पाठवला. आणि मग पुढचा ट्रक हलला, आणि बस —

पेत्रोनाच्या हाती म्हणाले का मी?

बरं. म्हणाले.

कॉफी गार होतेय तुमची. तुम्ही लिहा काय लिहायचं ते. पडदा सरकवायचा तर सरकवा, उशी आहे झोळीत, वर त्यांचं घोंगडं. आधीचे साहेब दारातूनच बघून गेले, तुमचे डोळे तरुण आहेत. पण एक ऐका, गेलेत म्हणजे काही सोडून नाही गेलेत. नातवाला खेळवतायत, मुलगी सांगते फोनवर. म्हणते, आई, तूही ये. येते म्हटलं, पैसे आले की दुसऱ्या दिवशी. म्हणून तर तुमच्या गाडीचा आवाज ऐकला आणि मी तो झगा बाहेर काढला, तो बघा, खुर्चीवर. कुठं करायची सही? माझी तरी घ्या. …नाही? सहीसाठी नाही आलात? पैसा अजून अडकलेलाच? मग एवढ्या गर्दीतून, एवढ्या उन्हात कशाला — बघू तो डबा. उघडा ना.

लाल.

आकडा पुसट झालाय. हो, झालाय खरा, पावसानं. म्हणजे तेवढ्यासाठी.

रंगवा मग. थांबा, तो वरचा भाग आधी पुसून घ्या, जाळी धरलीत. आणि बारीक नका काढू मागच्यासारखा, चांगला ठसठशीत काढा, हमरस्त्यावरून दिसला पाहिजे, बसच्या खिडकीत बसलेल्या माणसालासुद्धा. झालं की डबा उचला आणि निघा, परत आत यायची गरज नाही. आणि शिडी लावताना भिंतीवर आपटू नका.

आत झोपलेत ते.